न जळणारे तुकडे

“भ्यायचं काय त्यात? मीठच समजा!”

तीस वर्षांपूर्वी गाद्यांच्या कारखान्यात एका साहेबानं पिंपातली भुकटी बोटानं चाटून दाखवली होती. तो आवाज पिंपवाल्या काकांच्या कानातून अजून गेला नव्हता. ती भुकटी कालवली की फोम पेट घेत नसे. काकांनी ती जन्मभर उघड्या हातांनी कालवली. आता गळ्यावर टाक्यांचा व्रण होता, आणि बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

“कारखान्याचं सांडपाणी आमच्या गल्लीच्या विहिरीत उतरतं,” ते वहिनींना सांगत होते. “उद्या सुनावणी. कारखाना म्हणतो, बंदी आली तेव्हाच, नऊ वर्षांपूर्वी, भुकटी सोडली. साफ खोटं! फोमच्या दर खेपेचा एक तुकडा तिथं कपाटात जपतात. ते तपासले असते तर बिंग फुटलं असतं. नेमकं काल, रविवारी, कपाट आतून जळालं. आता गल्लीतली पोरं तेच पाणी पिणार.”

“पाठ का चोळताय?”

“लेकीनं शनिवारी नवी गादी शिवली. माया आहे हो पोरीची, पण टोचते मेली! ती तिथंच तपासनीस आहे. मीच चिकटवली.”

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, पिशवी सांभाळत मागे असत. भावोजींचं डोकं बैलगाडीचं: पोचायचं, पण मुक्काम करत करत.

कारखान्यात लोखंडी कपाटाचं कुलूप शाबूत होतं. भावोजींनी आतली चिकट काजळी काडीनं उकरली.

“नुसती राख, वहिनी. खडा नाही की तार नाही.”

“वायरिंग जुनं. दुर्दैव, दुसरं काय?” मॅनेजर म्हणाला. मग ऐटीत त्यानं फोमची पट्टी मेणबत्तीवर धरली. बाजूला घेताच ती आपोआप विझली. “बघा! जुना असो, नवा असो, आमचा माल जळत नाही. कपाटात ठेवताना प्रत्येक तुकड्याला असा टिनचा बिल्ला तारेनं ओवतो.”

“किल्ल्या?”

“दोन. एक माझी, एक ताईंची.”

ताई, म्हणजे काकांची लेक, खाली मान घालून म्हणाली, “मला काही माहीत नाही.”

फाटकावर रखवालदार भेटला. “शनिवारी सगळेच फोमचं कातरण नेतात. पोतं उचलून बघतो, हलकं लागलं की जाऊ देतो. ताईंची दोन होती. काल? काल साहेब आणि ताई, दोघंही आले होते, सुनावणीचे कागद काढायला.”

“मॅनेजरच!” वाटेत भावोजी म्हणाले. “चेहराच चोराचा आहे.”

“चेहऱ्यावर जाऊ नका, भावोजी. तुमचा कुठं हुशाराचा आहे?”

काकांच्या खोलीत लेक चहा ठेवत होती. वहिनी गादीच्या कडेला टेकल्या.

“जो माल मेणबत्तीवर विझतो, त्याची बंद कपाटात राख कशी होईल? म्हणजे जळला तो पॅकिंगचा साधा फोम. खरे तुकडे आधीच बाहेर गेले होते. म्हणून राखेत एकही बिल्ला नाही.”

“मॅनेजर—” काका उसळले.

“त्यानं आग लावली असती, तर ‘आमचा माल जळत नाही’ हे आम्हांला स्वतः दाखवलं असतं? कुलूप फोडलेलं नाही. उरली दुसरी किल्ली.” वहिनींनी कात्री उचलली. “आणि तुमची ही टोचणारी गादी.”

शिवण उसवली. पिवळट तुकडे बाहेर आले, प्रत्येकाच्या पोटात तार आणि टिनचा बिल्ला.

काकांनी एक बिल्ला उचलून लेकीपुढे धरला. “नाहीसेच करायचे होते, तर खरे तुकडेच जाळायचे ना गं!”

“जळत नाहीत, बाबा. आणि फेकायला हात धजला नाही. ‘जुनी भुकटी नाही’ असं नऊ वर्षं मीच लिहिलं. प्रत्येक कागदावर माझी सही आहे.”

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

“पोटासाठी केलंस,” शेवटी काका म्हणाले. “उद्या हे तुकडे घेऊन उभी राहा. मी असेन शेजारी.”

“एवढंच नाही, बाबा.” तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. “विहिरीच्या पाण्यात भुकटी सापडल्याचा तपासणीचा कागद चार वर्षांपूर्वी माझ्याच हातात आला होता. आई तेव्हा धडधाकट होती. ती त्यानंच गेली का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण मला ठाऊक होतं. आणि रोज सकाळी तिचा हंडा मीच भरत होते.”