कुलपातल्या रक्तवाहिन्या

"मी चोर नाही," मुलगी दारातूनच म्हणाली. "हे आधी ऐका, मग बसायला सांगा."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. चोऱ्या, फसवणूक, बेपत्ता माणसं, असली कामं घेणाऱ्या या बाईला सगळे वहिनीच म्हणायचे. खरे दीर मात्र एकच, भाऊजी. ते गाडी चालवायचे आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

"सगळे चोर असंच म्हणतात," भाऊजी पुटपुटले.

"भाऊजी, गप्प बसा. बोल गं तू."

मुलगी डायनासोरच्या हाडांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिचे काका तिथले मिस्त्री. दगडातून हाडं सोडवायची, तुटलेली जोडायची, हे त्यांचं काम. आईबाप गेल्यावर तिला त्यांनीच वाढवलं, कामालाही त्यांनीच लावलं. तिथल्या मॅडमनी हाडाचा एक तुकडा सौम्य रसायनात ठेवून त्यातला दगडी भाग काढून टाकला, तर मागे मऊ, ताणता येणाऱ्या नळ्या उरल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या रक्तवाहिन्या! उद्या मॅडम हे जगाला सांगणार होत्या. आणि आज सकाळी कपाट उघडलं तर बशी रिकामी.

"किल्ली एकच, माझ्या गळ्यातली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पिशवी टेबलावर उपसली. डबा, फणी, अगदी सगळं. पाच वाजता पोलीस बोलावणार आहेत."

तिचे कान लालबुंद झाले होते. काहीच न करता एवढी लाज! कुणाची पिशवी अशी उपसतात का?

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा उग्र वास आला. "ॲसिटोन. हाडं जोडायचा रासायनिक डिंक सांडला की पुसायला वापरतो, वास कायमच असतो," मुलगी म्हणाली.

कपाटाच्या कुलपावर ओरखडाही नव्हता. वहिनींनी काचेची बशी उजेडात धरली. आत पाण्याचा थेंब नाही, तळाला पातळ पारदर्शक पापुद्रा. बाहेरून मार्करने लिहिलेला नंबर एका जागी ओघळून त्याचा निळा डाग झालेला.

"पाणी सुकलं असेल," भाऊजी म्हणाले.

"झाकण असलं की तीन दिवस टिकतं," मॅडम तुटकपणे म्हणाल्या.

शेजारच्या बशीत पाणी काठोकाठ होतं. त्यात चहाच्या रंगाचे धागे.

"हे कसले?" वहिनींनी मॅडमना विचारलं.

"दुसऱ्या हाडातल्या नळ्या. हा रंग रक्तातल्या लोहाचा. लोह मऊ भागांना आतून घट्ट बांधून टाकतं, कातडं कमावतात ना, तसं. मग जंतूंना ते कुजवता येत नाही. स्पिरिटात टाका, ॲसिटोनमध्ये टाका, ढिम्म हलत नाही."

"आणि ज्या गेल्या त्या?"

मॅडमनी फोटो दाखवला. त्यातल्या नळ्या पांढुरक्या होत्या. "त्या जास्त चांगल्या टिकल्या होत्या," त्या घाईघाईने म्हणाल्या.

मिस्त्री कोपऱ्यात ब्रशने हाड झाडत होते. मान वर केली नाही.

"काल कपाटाला कुणी कुणी हात लावला?" वहिनींनी विचारलं.

"मी रोज संध्याकाळी बशांमध्ये पाणी घालतो. मग पोरगी कुलूप लावते." ब्रश थांबला. "पोरीनं नाही केलं हो ते."

"मग कुणी?"

ब्रश पुन्हा चालू.

"कुलूप लावताना नळ्या होत्या?" वहिनींनी मुलीला विचारलं.

"होत्या. काका पाणी घालून बाजूला झाले, मी नळ्या बघितल्या, कुलूप लावलं."

"म्हणजे हिनंच!" भाऊजी जोरात बोलून गेले. मुलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भाऊजी लावलेलंच बटण पुन्हा लावत बसले.

साडेचारला वहिनींनी तिघांना मॅडमच्या खोलीत बसवलं.

"चोरी झालीच नाही. झाकलेलं पाणी एका रात्रीत उडत नाही. मार्कर पाण्याने ओघळत नाही. ॲसिटोनने दोन्ही होतं. काल त्या एका बशीतलं पाणी काढून कुणीतरी ॲसिटोन ओतलं. एक ओघळ बाहेरून नंबरावर गेला. कुलूप लागलं तेव्हा नळ्या होत्या. त्या विरघळल्या नंतर, बंद कपाटात. ॲसिटोन उडालं, पापुद्रा उरला."

"पण मॅडम तर म्हणाल्या, ढिम्म हलत नाही!" भाऊजी म्हणाले.

"खऱ्या असत्या तर. ॲसिटोनमध्ये विरघळतो तो डिंक. ते हाड कधीतरी तुटलं होतं. जोडताना पातळ डिंक आतल्या रक्तवाहिन्यांच्या बारीक भोकांत शिरला. दगडी भाग गेला आणि डिंकाच्या नळ्या उरल्या. म्हणून लोहाचा रंग नाही. हे कळणार फक्त जोडणाऱ्याला. आणि बशीत ओततो तोही तोच."

कुणी मिस्त्रींकडे बघेना.

"हातातून पडलं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तीस वर्षांत एक हाड पडलं नव्हतं हो. जोडलं आणि गप्प बसलो. परवा मॅडमनी नळ्या दाखवल्या, मी डिंक ओळखला. उद्या जगभर मॅडमचं हसं झालं असतं. वाटलं, विरघळलं तर म्हणतील, टिकलं नाही. चोरी म्हणतील असं डोक्यातच आलं नाही."

"आणि माझी पिशवी उपसली तेव्हा?" मुलीने विचारलं.

"तेव्हा मी तिथेच उभा होतो."

"रंग मलाही खटकला होता," मॅडम टेबलाकडे बघत म्हणाल्या. "ॲसिटोनचा एक थेंब टाकला असता की कळलं असतं. मी मुद्दामच नाही बघितलं." मग मुलीला म्हणाल्या, "माझं चुकलं गं. तू घरी जा, आराम कर. उद्या सगळं मिटवून टाकू."

"मिटवू नका," मुलगी म्हणाली. "सकाळी माझी पिशवी उपसली तेव्हा बघायला सहा जण होते. अजून इथेच आहेत. बोलवा त्यांना."

सहा जण आले, हात पुसत, दाराशी दाटीवाटीने उभे राहिले. मॅडमनी मान खाली घालून माफी मागितली. मग मिस्त्री उठले. घसा खाकरून ते जमिनीशीच काहीतरी बोलले.

मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण हात तिने मागेच बांधून ठेवले होते.

"मोठ्यांदा, काका," ती म्हणाली. "मागे ऐकू जात नाहीये."