थेंबाथेंबानं

जवळ सरकून बसा, पोरांनो. ही आपल्या हदगावच्या शेषेरावची गोष्ट. त्यानं मला सांगितली, तशीच सांगतो.

गेल्या साली पौषातली अमावस्या. शेषेराव लातूरच्या एका दवाखान्यात बायकोपाशी होता. पंचफुलाचं आतडं सडलं होतं, डॉक्टरांनी बहुतेक सगळं कापून काढलेलं. तोंडानं पाण्याचा घोटही बंद. खाणं सगळं शिरेतून. सांजेला शेषेराव खालच्या मेडिकलवर तिच्या शिरेत सोडायची चरबीची पिशवी आणायला गेला. दुधासारखी पांढरीशुभ्र. दुकानदारानं ती उजेडात धरून पाहिली.

"वर तेल तरंगलं तर वापरायची न्हाई, मामा. आन् बर्फात ठेवू नका."

सबिहा सिस्टरनं पिशवी लावली, नळीवरचं चाक हळूहळू फिरवून एकेक थेंब पडेल असं केलं.

"रातभर असंच जाऊ द्या. चाकाला हात लावू नका. घाईनं गेलं तर थंडी, ताप, धाप... काही दिसलं की हाक मारा."

"हाव," म्हणून शेषेराव खाटेशेजारी चादर टाकून पडला.

जाग आली ती बांगड्यांच्या आवाजानं. पंचफुलाच्या उशाशी कुणी म्हातारी उभी. शेजारच्या पेशंटची असेल, त्याला वाटलं. पण तिचा हात चाकावर होता.

"ओ बाई, त्याला हात नका लावू."

ती वळली.

केवळाबाई. पंचफुलाची आई. मरून वर्षं झालेली. तिला खांदा शेषेरावनंच दिला होता.

"लेक उपाशी हाय माझी, जावईबापू," ती हळूच बोलली. "थेंबाथेंबानं कुणाचं पोट भरतंय..."

तो ओरडायला गेला. आवाज नाही. उठायला गेला... पाय उचलेनात. पिशवी खपाटीला जात होती. म्हातारी लेकीच्या कपाळावरून हात फिरवत होती. किती मायेनं... तेच त्याला बघवेना.

मग खाट हलायला लागली. पंचफुला थंडीनं कापत होती. तेव्हा कुठं त्याचा आवाज फुटला. म्हातारी नव्हती. सबिहा धावत आली, चाक बंद केलं. डॉक्टर आले, रक्त काढलं. थोड्या वेळानं त्या रक्ताच्या नळीत वर चरबीचा पांढरा थर... सायीसारखा.

धाप... मग तीही नाही.

"चाक कुणी सोडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

शेषेरावनं उशाकडं पाहिलं.

उजाडल्यावर न्यायच्या वेळी सबिहानं तोंडावरची चादर काढली आणि तशीच थांबली. ऑपरेशनपासून त्या डोक्याला कुणी फणी लावली नव्हती.

आता चोपून तेल होतं. दोन घट्ट वेण्या, शाळेतल्या पोरीसारख्या... आणि लाल रिबिनी.