दहा शब्दांची यादी

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असेल तर माझी दाढ पडो. तोंडात आता दोनच दाढा उरल्यात, म्हणजे शपथ किती महागातली आहे ते तुम्हीच बघा.

आणि भूत म्हटलं की ज्यांना रात्रीचे बारा आठवतात, त्यांनी घड्याळ जरा मागे घ्यावं. हे घडलं दुपारी चारला. लख्ख उजेडात. दुकान उघडं, रस्त्यावर वर्दळ, समोर किल्लीवाल्याचं चाक खर्रर्र चाललेलं.

घडलं ते माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत. हिचा धाकटा भाऊ. घरात आणि दुकानाशेजारी सगळे त्याला एका टोपणनावाने ओळखतात. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

का, ते शेवटी कळेल.

मेहुण्याचं दुकान एका व्यापारी इमारतीच्या जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून तो जन्माचा बसका. बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करतो. समोर किल्लीवाला बसतो. दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारून जगतात. चहा आला की किल्लीवाला जागेवरूनच मेहुण्याच्या टोपणनावाने हाळी घालतो, ती वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते.

एका गुरुवारी शाळेतल्या एक बाई दुकानात आल्या. वय पन्नाशीच्या आसपास. कॉम्प्युटर ओढणीत गुंडाळून आणला होता, तापातलं मूल आणावं तसा.

वडील दवाखान्यात होते तेव्हा बाईंना एक मेल आला होता. ‘रुग्णाचा तपासणी अहवाल.’ बाईंनी घाईघाईत उघडला. आत अहवाल नव्हता, व्हायरस होता. पडदा काळा झाला, त्यावर परक्या भाषेत दोन ओळी, की संपलं. नंतर वडीलही गेले. तेव्हापासून मशीन बंदच होतं.

मेहुण्याने विचारलं, आत काय काय होतं?

बाकी सगळं गेलं तरी चालेल, त्या म्हणाल्या. रेकॉर्डिंग हवीत. दोनशे बारा. एकही कमी नको.

त्यांचे वडील बसस्थानकावर घोषणा करायचे. तीस वर्षं. तो आवाज मेहुण्यालाही आठवत होता. लोक त्यावर घड्याळं लावत. मग अर्धांगवायू झाला आणि नेमकी वाचाच गेली. वाचेच्या डॉक्टरांनी दहा शब्दांची यादी दिली. रोज चार वाजता, शाळेतून आल्यावर, बाई समोर बसत. एक शब्द म्हणायचा, थांबायचं, वडिलांनी तो परत म्हणायचा. सुधारणा कळावी म्हणून रोज रेकॉर्डिंग.

पाणी. दार. दिवा. घर. काठी. चष्मा. औषध. खिडकी. उद्या.

दहावा शब्द बाईंनी स्वतः घातला होता. ठकू. वडील त्यांना लहानपणापासून तेच म्हणत.

तो शब्द त्यांना शेवटपर्यंत आला नाही.

बाई उठता उठता थांबल्या. खाली बघून बोलल्या, “शेवटच्या दिवशी मी चिडले त्यांच्यावर. रेकॉर्डिंग चालू ठेवून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी गेल्यावर ते काही म्हणाले का... तेवढंच मला ऐकायचंय.”

मेहुण्याने मशीनमधली डिस्क काढली, आपल्या मशीनला जोडली, आणि सापडेल ते एका कोऱ्या डिस्कवर उतरवायला लावलं. शुक्रवार गेला. शनिवार, रविवार गेला. सोमवारी काम संपलं.

आवाज सगळे सापडले. नावं मात्र पुसली गेली होती. नुसते आकडे, तेही उलटेसुलटे.

दुकान बंद करताना त्याने मोजलं. दोनशे बावन्न.

चाळीस जास्त.

असं होतं, तो मनाशी म्हणाला. तुटके तुकडे वेगळे निघतात, एकाच फाइलच्या दोन होतात. त्याने मनावर घेतलं नाही. पण क्रम लावायचा म्हणजे प्रत्येक ऐकणं आलं. त्यात एक सोय होती. बाई पडल्या शिक्षिका, फळ्यावर लिहावी तशी सुरुवातीला तारीख म्हणायच्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काठी टेकवल्याचा. मग यादी.

मंगळवारी दिवसभर तो कानाला हेडफोन लावून बसला. किल्लीवाल्याने विचारलं, गाणी ऐकतोयस का कामाच्या वेळी? मेहुणा म्हणाला, शाळेत बसलोय, पहिलीच्या वर्गात.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा ओळीने लागली. बरोबर दोनशे बारा.

मग त्याने उरलेल्यांतलं एक लावलं.

तारीख नाही.

खुर्ची सरकली नाही.

नुसती काठी टेकवल्याचा आवाज... आणि श्वास.

मग शांतता. एका शब्दाएवढी.

“...पाणी.”

पुन्हा तेवढीच शांतता.

“...दार.”

समोर कोणी शब्द म्हणत नव्हतं. तरी म्हातारा थांबत होता. कोणीतरी म्हणेपर्यंत थांबावं तसा. मग परत म्हणत होता.

मेहुण्याने दुसरं लावलं. तिसरं. दहावं. सगळी तशीच. एकात ‘दिवा’ अडखळत होता, दुसऱ्यात नीट येत होता. एकात ‘घर’ अर्धं, पुढच्यात पूर्ण.

म्हाताऱ्याची वाचा सुधारत होती.

मेहुण्याने बोटांवर हिशेब केला. वडील गेले ती तारीख बाईंनी सांगितली होती. मशीन त्याच्या आधीच बंद पडलेलं. गेल्याच्या दिवसापासून काल सोमवारपर्यंत...

चाळीस दिवस.

त्याने पुन्हा मोजलं. आता जास्तीची चाळीस नव्हती. एकेचाळीस होती.

त्याने नव्या डिस्कची वायर उपटली. कापडात गुंडाळून टेबलाच्या खणात टाकली, कुलूप लावलं आणि घरी गेला. जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय. खोटं नव्हतं. निघताना घाबरून उठला तेव्हा जिना लागला होता.

बुधवारी तो खणाला शिवला नाही. चार वाजून गेले. सव्वाचार झाले. मग राहवेना. भीती आणि खाज, दोन्ही दाबली की वाढतात.

डिस्क जोडली.

दोनशे चोपन्न.

कुलपात होती. वायर नव्हती, वीज नव्हती. तरी एक वाढलं होतं.

त्याने ते लावलं. हेडफोन घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून स्पीकरवर. पाणी आलं. दार, दिवा, घर, काठी आले. मग सहावी शांतता...

“च...”

म्हातारा अडकला.

“च... च...”

आता खरी चूक इथे झाली. दोन दिवस तीच यादी ऐकून ऐकून ती मेहुण्याच्या जिभेवर बसली होती. मूल पाढ्यात अडलं की आपल्या तोंडून पुढचा आकडा निघतो ना, तसं त्याच्या तोंडून निघून गेलं.

“चष्मा.”

“चष्मा,” स्पीकर म्हणाला. स्वच्छ.

त्याच वेळी समोरून किल्लीवाल्याने टोपणनावाने हाळी घातली. चहा आला होता. मेहुणा दचकला, रेकॉर्डिंग थांबवलं, घाम पुसला. मग मनाला समजावलं, की तो शब्द मुळातच त्यात असणार. खात्री करायला त्याने तेच पुन्हा लावलं.

पाणी. दार. दिवा. घर. काठी.

सहावी शांतता.

“च... च...”

आणि मग त्या शांततेत... त्याचा स्वतःचा आवाज आला. चष्मा. मागे किल्लीवाल्याचं चाक. खर्रर्र. आणि हाळी. त्याच्या टोपणनावाची.

सगळं आत गेलं होतं.

चहा तसाच राहिला. मेहुणा जाऊन किल्लीवाल्याच्या बाकड्यावर बसला. सगळं सांगितलं. किल्लीवाला एरवी कशाचीही थट्टा करेल, त्या दिवशी त्याने चाक थांबवलं.

“कुलूप उघडण्याआधी आत कोण आहे ते विचारतो मी,” तो म्हणाला. “तू विचारलंस का?”

मग म्हणाला, “ज्याचं आहे त्याला बोलाव. आणि तो दहावा शब्द तू म्हणू नकोस. ते नाव तुझ्या तोंडचं नाही.”

गुरुवारी साडेतीनला बाई आल्या. बसता बसताच म्हणाल्या, शेवटचं लावा.

मेहुण्याने दोनशे बारावं लावलं. तारीख. खुर्ची. काठी. नऊ शब्द कसेबसे. मग दहावा, पाच वेळा, सहा वेळा. मग बाईंचाच आवाज, तिखट. “तीस वर्षं जगाला गाड्या सांगितल्यात, बाबा. माझं एवढंसं नाव येत नाही?” खुर्ची मागे ढकलली गेली. पावलं. दार.

मग बराच वेळ काही नाही.

“ठ... ठ...”

खट्. संपलं.

बाईंनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. एवढंच? त्यांचा चेहरा विचारत होता.

मेहुण्याला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण तो चेहरा बघवेना. “अजून आहेत, बाई,” तो म्हणाला, आणि मंगळवारचं लावलं.

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मेहुण्याला वाटलं आता किंचाळतील, नाहीतर दुकानाबाहेर धावतील. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चारला एक मिनिट कमी होतं.

त्यांनी डिस्कची वायर स्वतः काढली. डिस्क समोर ठेवली. खुर्ची सरकवून ताठ बसल्या. आणि तारीख म्हणाल्या.

मग, “पाणी.”

थांबल्या. एका शब्दाएवढं.

काही ऐकू आलं नाही. “दार.” काही नाही. समोरचं चाक कधी थांबलं होतं कोणास ठाऊक. जिन्यावरची ये-जासुद्धा बंद होती. बाई न चुकता, न घाई करता, एकेक शब्द म्हणत होत्या आणि रिकाम्या जागेसाठी थांबत होत्या.

टेबल कलतं होतं. डिस्क घसरू नये म्हणून मेहुण्याने तिच्यावर हात ठेवला.

आणि तो गोठला.

बाई थांबल्या की डिस्क थरथरत होती. गळ्यावर हात ठेवून बोललं की बोटांना जसं लागतं ना... तसं. प्रत्येक शांततेत. बाई बोलू लागल्या की बंद.

त्याला हात काढायचा होता. निघेना.

“उद्या,” बाई म्हणाल्या.

थरथर.

मग त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. “ठकू. घाई नाही, बाबा. मी इथेच बसलेय.”

बराच वेळ काही नाही. मग हाताखाली थरथर झाली. एकदा.

मग, थोडं थांबून... आणखी एकदा.

बाईंना ती कळलीच नसणार. त्यांनी डिस्क ओढणीत गुंडाळली आणि उराशी धरून निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. रडत होत्या, पण रडण्यात उजेड होता. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मी रात्रभर ऐकत होते, म्हणाल्या. दोनशे पंचावन्नावं. दहाच्या दहा शब्द, बसस्थानकावरच्या जुन्या आवाजात. ठकूसुद्धा. अगदी स्पष्ट.

मेहुण्याचा जीव भांड्यात पडला. तो फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पण दहा झाल्यावर बाबा अजून एक शब्द म्हणतात. तो यादीत नाही. मी कधीच शिकवला नाही. कोणाचं तरी नाव वाटतं.”

आणि त्यांनी ते नाव उच्चारलं.

मेहुण्याचं टोपणनाव.

“नाव घेतात आणि थांबतात,” बाई म्हणाल्या. “कोणीतरी ओ देईल म्हणून थांबावं तसे. कोण हो हे?”

माहीत नाही, मेहुणा म्हणाला.

बाईंकडे त्यानंतर एकही रेकॉर्डिंग वाढलं नाही. महिनाभराने त्यांनी पेढ्यांचा मोठा पुडा पाठवला होता. मेहुण्याने तो उघडलासुद्धा नाही.

कारण दुकानात रोज चार वाजता, पंखा, चाक, रस्ता या सगळ्यांच्या तळातून, त्याला हाक ऐकू यायला लागली. फलाटावरची गाडी पुकारावी तशी, शांत, सुस्पष्ट. एकदाच. मग शांतता. तो ओ देत नाही. किल्लीवाल्याने त्याला नावाने हाक मारणं सोडलं, आता चहा आला की बाकावर किल्ली वाजवतो. आम्हीही घरात ते नाव घेत नाही. म्हणूनच इथे लिहिलं नाही. तुम्ही वाचता वाचता मोठ्याने म्हणालात तर? चार वाजलेले असले तर?

साडेतीन वाजले की तो दुकान ओढून आमच्याकडे येतो. इथे ऐकू येत नाही, म्हणतो.

परवाही आला. ही बाहेर गेली होती. मी पेपर वाचत होतो, तो दिवाणावर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. बरं वाटलं मला. बऱ्याच दिवसांनी झोपला होता.

आणि झोपेतच तो म्हणाला, “ओ.”

मी पेपर खाली केला. घरात आम्ही दोघंच. मी हाक मारली नव्हती.

घड्याळात चार.

तो उताणा पडलेला. डोळे मिटलेले. थोडी शांतता गेली... एका शब्दाएवढी.

“पाणी,” मेहुणा म्हणाला.

मला वाटलं तहान लागली असेल. मी उठायला लागलो.

शांतता.

“दार.”

मी उभाच राहिलो. हलवून उठवावं हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, खोटं कशाला बोलू. मला त्या शांततेत काही ऐकू येतंय का, ते मी ऐकत होतो. काही नव्हतं. तो मात्र ऐकत होता, थांबत होता आणि परत म्हणत होता. दिवा. घर. काठी. चष्मा. औषध. खिडकी.

नवव्या शांततेला मी त्याचा खांदा धरला आणि गदागदा हलवला. दहावा शब्द मला ऐकायचा नव्हता. या खेपेला तो कोणाचं नाव असेल, कोणास ठाऊक.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओळख पटायला जरा वेळ लागला.

“काय झालं, भावजी?”

काही नाही, चहा ठेवतो, म्हटलं.

मी स्वयंपाकघराकडे वळलो. मागून तो बोलला. जागा होता, डोळे उघडे होते, आणि आवाज त्याचा नव्हता.

“उद्या.”