मोठ्या अक्षरांतला निरोप

“ते मला का दिसलं नाही, एवढंच शोधून द्या,” ती म्हणाली. “बाकी मला काही नको.”

अक्कांनी तिला आधी बसवलं. बाई तरुण होती, खांद्यांनी रुंद, डाव्या घोट्याला पट्टी. पोहायला शिकवते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. रडून रडून चेहरा सुजला होता, पण आता डोळे कोरडे होते.

अक्का पूर्वी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत. छापलेल्या ओळीतली चूक त्यांना खुपायची. पुढे माणसांतल्याही खुपायला लागल्या, आणि त्यांनी हा खासगी तपासाचा धंदा सुरू केला. मास्तर त्यांचे सोबती. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले. गाडी चालवायचे, धीर द्यायचे आणि प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

“पहिल्यापासून सांग,” अक्का म्हणाल्या.

तिची ताई चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली पडून गेली होती. भर दुपारी. पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाईल मिटवली, कारण ताईच्या कंप्युटरवर उघड्या असलेल्या तिच्या शेवटच्या पोस्टचा फोटो होता.

“भाऊजी म्हणतात, पोस्ट दुपारभर होती. साऱ्या जगानं वाचली, पण कोणी धावलं नाही. त्या दिवशी माझा पाय मुरगळलेला, मी घरीच लोळत होते. हातात फोन. दुपारी मी स्वतः लिहिलंसुद्धा, की पाय मुरगळला तरी शनिवारी लंगडत येतेय. मग ताईचं मला कसं दिसलं नाही? मी वाचलं असतं तर एका पायावर उड्या मारत गेले असते हो!”

“आता पाहिलंस का तिचं पान?”

“त्याच संध्याकाळी भाऊजींनी खातंच काढून टाकलं. लोकांचं हळहळणं सोसवत नाही म्हणाले.”

“शनिवारी कशाला जाणार होतीस?”

“ताईनंच बोलावलं होतं. काहीतरी सांगायचंय, पण फोनवर नको, म्हणाली.” तिनं पट्टीचा पाय सरळ केला. “डोळे अधू झाले होते तिचे. दिरानं तिच्यासाठी ते पान मोठ्या अक्षरांचं करून दिलं होतं. पण स्वतः काही लिहिलं की मला फोन करायची. ‘वाच गं जरा, काना-मात्रा चुकला नाही ना?’ आणि हे शेवटचं तेवढं मला न विचारता लिहिलं.”

तिनं तो फोटो पुढे केला. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पडद्याचा काढलेला.

फिकट पिवळ्या पानावर काळी, ठसठशीत अक्षरं. वर ताईचं नाव. खाली मजकूर: ‘मी थकले आहे. कोणालाही दोष देऊ नका. मला माफ करा.’ डाव्या कडेला उभी हिरवी पट्टी.

त्याच्याखाली दुसरी पोस्ट, तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. हिची पट्टी निळी, कोपऱ्यात एक चांदणी. कोणा बाईनं लिहिलं होतं: ‘माझ्या सायकलवरून जाणाऱ्या नवऱ्याला एक करडी गाडी उडवून गेली. ते वाचले नाहीत. गाडीचा उजवा दिवा फुटला आहे. कोणी पाहिलं असेल तर कृपा करून सांगा.’

अक्कांनी फोटो स्वतःकडे ठेवून घेतला.

*

डॉक्टर सरळमार्गी गृहस्थ होते. आवाज ऐकून ते अंगणात धावले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ते वर गेले.

“दार तिच्या नवऱ्यानंच उघडलं. पुढच्या खोलीत झोपलो होतो म्हणाला. गॅलरीत दोरीवर काही ओले कपडे होते, बाकीचे बादलीत पिळून ठेवलेले. तिच्या खोलीत कंप्युटर चालू होता. मी दारातूनच वाचलं. चष्मासुद्धा नव्हता डोळ्यांवर.”

“फोटो काढायचं कोणाच्या मनात आलं?”

“त्याच्याच. ‘डॉक्टर, फोटो काढून ठेवा, माझे हात थरथरतायत.’ मी खाली सरकवून आणखी काही आहे का बघणार होतो, तर म्हणाला, हात नका लावू. आणि फोटो झाल्याबरोबर त्यानंच बटण बंद केलं. बघवेना बिचाऱ्याला.”

जिना उतरताना मास्तर म्हणाले, “मरायला निघालेलं माणूस अर्धे कपडे वाळत घालतं का हो?”

“तुम्ही आज बरे जागे आहात, मास्तर.”

मास्तर खुलले. “माझं ऐका, दीर आहे यात. कंप्युटरमधलं त्यालाच कळतं.”

*

दीर एका कचेरीत लोकांसाठी वेबसाईट बनवायचा. खोलीत तारा, कप आणि न धुतलेले सदरे. वहिनीचा विषय निघताच त्यानं हातातलं काम बाजूला सारलं.

“वहिनीसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे ब्राउझरला दिलेल्या सूचना हो. साईट पान पाठवते, ते सगळ्यांना सारखंच. आपली स्क्रिप्ट त्याला इथं घरच्या घरी आपल्याला हवे तसे कपडे घालते. वहिनीला पांढरा उजेड सोसत नव्हता, म्हणून पिवळं पान. जाहिराती काढल्या, चेहऱ्यांची चित्रं काढली, अक्षरं मोठी केली. नात्यातल्या माणसांच्या पोस्टना हिरवी पट्टी, गटांना निळी. हव्या त्या पोस्टवर चांदणी लावली की ती सगळ्यात नव्या पोस्टच्या लगेच खाली टिकून राहते.”

“ताईंनी चांदणी कशाला लावली होती, माहीत आहे?”

“नाही. विचारलं नाही कधी.” त्यानं नाक पुसलं. “एक खोट मात्र राहून गेली त्यात. साईटवाल्यांनी मध्यंतरी काहीतरी बदललं, तेव्हापासून तिच्या स्वतःच्या पोस्टना स्क्रिप्ट लागूच होईना. पट्टी नाही, अक्षरं मुंगीएवढी. दुरुस्त करायला दोनदा येऊन बसलो, जमलं नाही. ‘राहू दे रे,’ म्हणाली, ‘माझं मला पाठ असतं.’”

“घरात तिच्या नात्यातले कोण कोण होते त्या साईटवर?”

“मी आणि तिची बहीण. दादाचं खातंच नाही. मी स्वतः वर्षभरात अक्षर लिहिलेलं नाही. दिवसभर लोकांची पानं करून उबग येतो.”

“दादांना कंप्युटरची आवड नाही वाटतं?”

दीर पहिल्यांदाच हसला. “आवड नाही, पण खोड्या येतात. एकदा मी बातम्यांच्या साईटवर ब्राउझरमधूनच मथळा बदलून दाखवला. ‘दादा नवे मंत्री’! पडद्यावरचं अक्षर खोडायचं आणि आपलं लिहायचं, एवढंच. पान पुन्हा उघडलं की जसंच्या तसं. त्याला इतकं आवडलं, की शिकून घेतलं आणि महिनाभर ऑफिसात सगळ्यांना बनवत होता.”

मास्तरांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

*

ताईचा नवरा इमारतीखाली स्वतःच्या गाडीपाशी भेटला. नीटनेटका माणूस, दाढी घोटलेली, आवाज हळू.

“मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. तिच्या खोलीत महिना-महिना पाऊल टाकायचो नाही मी. बाई, तिला एकटेपणानं मारलं. शेवटचं लिहिलं, तर एका माणसानं विचारलं नाही.”

“कंप्युटर बघायला मिळेल?”

“देऊन टाकला. घरात ठेवून काय करू? रोज डोळ्यांसमोर नको.”

“आणि खातं तुम्हीच बंद केलंत?”

त्यानं गाडीच्या काचेवरची धूळ पुसली. “उघडंच होतं. तिथं लिहिलेलंच असतं की सगळं.”

मास्तर तोवर गाडीभोवती फिरत होते. परतताना ते म्हणाले, “राखलीय छान. फक्त गंमत बघा, डावा दिवा जुना होऊन पिवळा पडलाय आणि उजवा लख्ख. एक डोळा म्हातारा, एक तरणा.”

“रंग कोणता होता गाडीचा?”

“करडा.” मास्तर बोलून गेले, आणि मग चालता चालता जागच्या जागी थांबले.

*

अक्कांनी सगळ्यांना ताईच्या घरी बोलावलं. बहीण, दीर, डॉक्टर. फौजदारही आले आणि दाराशी खुर्ची घेऊन बसले. नवरा म्हणाला, “एवढी माणसं कशाला?”

“हिनं मला एक प्रश्न विचारला होता,” अक्का बहिणीकडे बोट करून म्हणाल्या. “ताईची पोस्ट हिला का दिसली नाही? मी बरेच दिवस छापलेलं वाचण्यात घालवलेत. ओळ चुकीच्या टाइपात लागली, की ती दुसरीकडून उचलून आणलेली असते. हा फोटो बघा. निरोप ठसठशीत अक्षरांत आहे, डॉक्टरांना चष्म्याशिवाय दारातून वाचता आला. पण ताईचं स्वतःचं लिखाण त्या पडद्यावर मुंगीएवढं दिसायचं. म्हणून तर ती बहिणीकडून वाचून घ्यायची.”

दीर ताडकन उभा राहिला. “हो! पट्टीसुद्धा नसायची!”

“इथं हिरवी पट्टी आहे. म्हणजे ही पोस्ट ताईची नाहीच. नात्यातल्या दुसऱ्या माणसाची आहे, तिच्यावर नाव आणि मजकूर नवा चढवलाय. साईटवर नाही, फक्त त्या पडद्यावर. जगानं वाचून कानाडोळा केला नाही. जगाला ती दिसलीच नाही, कारण ती नव्हतीच.”

“हे हवेतलं बोलणं आहे,” नवरा म्हणाला.

फौजदारांनी घसा साफ केला. “साईटच्या कंपनीचं उत्तर आलंय. त्या दिवशी त्या खात्यावरून एकही पोस्ट गेलेली नाही.”

डॉक्टर फोटो पुन्हा निरखू लागले.

“खरी पोस्ट टाकता आली असती,” अक्का पुढे म्हणाल्या. “पण ती पाहून ही बहीण त्या क्षणी फोन करती, आणि फोन ताईनं उचलला असता. ती जिवंत होती तेव्हा, गॅलरीत कपडे वाळत घालत होती. म्हणून असा निरोप हवा होता, जो मेल्यावरच वाचला जाईल. पान पुन्हा उघडलं की तो पुसला जाणार, म्हणून डॉक्टरांना हात लावू दिला नाही. खरी पोस्ट कुठं पळून जात नव्हती. तिचा फोटो काढून ठेवायची गरज कोणाला होती? तुम्हाला.”

“ही असली कामं माझ्या भावाला येतात, मला नाही!”

दीर पांढराफटक पडला.

“येतात,” अक्का म्हणाल्या. “पण पट्ट्या आणि मोठी अक्षरं त्यानंच घातलेली. ती खोट त्याला ठाऊक होती, त्यानं अशी चूक केली नसती. चूक त्यानं केली, जो महिना-महिना बायकोच्या खोलीत पाऊल टाकत नव्हता. तिला स्वतःचं लिहिलेलं वाचता येत नाही, हे घरात एकट्या तुम्हाला माहीत नव्हतं. मथळे बदलायचे मात्र तुम्ही शिकला होतात.”

“आणि मी काय म्हणून मारीन तिला?”

“खालची पोस्ट. चांदणी लावून तिनं ती रोज डोळ्यांसमोर ठेवली होती. सायकलवाल्याला उडवलंत तेव्हा ती गाडीत होती, की घरी आल्यावर फुटका दिवा तिनं पाहिला, ते तुम्ही सांगाल. शनिवारी ती बहिणीला सांगणार होती.”

दीर भावासमोर जाऊन उभा राहिला. “दादा, दिवा कधी बदललास?”

नवरा गॅलरीच्या दाराकडे बघू लागला.

“दादा, मी विचारतोय.”

“तिला किती समजावलं,” नवरा अखेर म्हणाला. त्याचा आवाज तसाच हळू होता. “गेलेला माणूस परत येणार होता का? गप्प बस म्हटलं, सगळं विरून जाईल. ऐकेचना. ‘मला त्या बाईचं लिहिलेलं रोज दिसतं,’ म्हणायची.”

फौजदार उठले.

त्याला घेऊन गेल्यावर बहिणीनं दिराकडे बोट करून विचारलं, “हिरवी पट्टी. यांनी तर वर्षभर काही लिहिलं नव्हतं. मग ती पोस्ट…”

अक्कांनी उत्तर टाळलं नाही. “तुझी होती. शनिवारी येतेय म्हणून लिहिलेली. तिच्यावरच त्यानं ते लिहिलं.”

ती भिंतीला टेकली. “म्हणजे मी येतेय लिहिलं, म्हणून त्यानं तो दिवस…”

“त्याला घाई झाली, हे खरं आहे. मी खोटं सांगणार नाही. पण तू येणार म्हणूनच तिला धीर आला होता. ढकललं त्यानं, तू नाही.”

मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो नुसता हातात धरून ठेवला.

*

काही दिवसांनी ती पुन्हा आली. म्हणाली, त्या सायकलवाल्याच्या बायकोला भेटायचंय, पण एकटीनं जायचा धीर होत नाही. मास्तरांनी गाडी काढली.

अरुंद जिना, दाराशी पुरुषाचे बूट अजून तसेच ठेवलेले. दार उघडणाऱ्या बाईला पोलिसांकडून सगळं कळलं होतं. तिनं बहिणीकडे निरखून पाहिलं.

“तुम्ही तिच्यासारख्या दिसता,” ती म्हणाली.

“तुम्ही ताईला कुठं पाहिलंत?”

“एकदा आली होती ती. तेव्हा मला कुठं माहीत, कोण ते. परवा पोलिसांनी फोटो दाखवला तेव्हा कळलं. या दारातच उभी होती. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली, मग पत्ता चुकला म्हणाली. घामाघूम झाली होती, मी आत बसवून पाणी दिलं.”

“काही बोलली?”

“नाही. पाणी प्यायली, पेला स्वतःच विसळून ठेवला.” बाईनं पदरानं डोळे टिपले. “आणि जाताना म्हणाली, ‘मी परत येईन हं.’ मला नवल वाटलं तेव्हा. पत्ता चुकलेलं माणूस असं कशाला म्हणेल?”