उतारावरची तार

दवाखान्याला कुलूप लावून मी खोलीवर आले, स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात दारात ओढ्यापलीकडची तानुबाई उभी राहिली. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधीचा हिवाळा होता. मी तेव्हा इस्लामपूरला नर्स होते. बाळंतपणं करायची, लस टोचायची आणि सायकलवरून आसपासच्या वाड्यावस्त्या फिरायच्या, हे माझं काम. बाईमाणूस सायकलवर, म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग हसणाऱ्यांच्याच घरची बोलावणी यायला लागली.

त्या कंदिलाची वात जरा वर कर. सांगते सगळं.

तानुबाई धापा टाकत होती. "बाई, चला बिगीबिगी. राजारामची बायको अडलीया. सकाळधरनं कळा खातीया, पर बाळ काय येईना. भामाबाईनं मला एस्टीनं धाडलं."

राजाराम म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या यल्लाप्पा आणि भामाबाईचा एकुलता एक मुलगा. आषाढात, भर पावसात, हिरव्या वैरणीचा, कडवळाचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्यानं घरी येत होता. ओढ्याजवळच्या उतारावर पडला, फरशीपुलाच्या दगडावर डोकं आपटलं आणि तिथंच गेला. सकाळपर्यंत तसाच पाण्यात पडून होता. पाय घसरला असावा, असं पंचांनी लिहिलं. शालू, त्याची बायको, तेव्हा पोटुशी होती. आता तीच अडली होती.

परतीच्या एस्टीला अजून वेळ होता. तानुबाईला म्हटलं, तू मागनं गाडीनं ये, मी होते पुढं. स्टोव्ह विझवला, पिशवी कॅरियरला आवळून बांधली आणि निघाले.

त्या उताराचं आधी सांगायला हवं. इस्लामपूरच्या बाजाराला, शाळेला, कचेरीला येणारी आसपासच्या सगळ्या सायकली त्याच रस्त्यानं यायच्या. नवीन डांबर पडलं होतं. माथ्यावरून सायकल सोडली की पायडल न मारता थेट ओढ्याच्या फरशीपर्यंत. जवान पोरं शर्यती लावायची, दूधवाले घंटा वाजवत सुटायचे. मलाही तो उतार फार आवडायचा. दिवसभराचा शीण त्या वाऱ्यात निघून जायचा.

दिवाळी झाली आणि त्याच उतारावर खिळे सापडायला लागले. सांडलेले नव्हेत. काही फळीच्या तुकड्याला उलटे ठोकून, कडेच्या फुफाट्यात टोकं वर करून पुरलेले, काही रस्त्यावर सुटेच पेरलेले. आज एकाची ट्यूब जायची, उद्या चौघांची. मग एके दिवशी पहाटे दूधवाला सोपान घागरींसकट आडवा झाला. दोन झाडांना बांधलेली बारीक तार चाकात अडकली होती. त्याचा हात मनगटात मोडला. मीच पट्टी बांधून त्याला सांगलीला पाठवलं.

माथ्यावर चिंचेखाली दिलावरचं पंक्चरचं दुकान होतं. तिथं सगळे सायकलवाले जमले. नानासो मास्तर पुढारी. कुणीतरी मागून पुटपुटलं, "पंक्चरं वाढली तर फायदा कुनाचा व्हतो?" दिलावरनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना बघितलं तर मोडक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून तो उतारावरून ओढत चालला होता. खिळे टपाटप येऊन चिकटत होते. रोज पहाटे तो तेच करायला लागला, आणि पुटपुटणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मास्तरांनी नियम घालून दिला. दिवस मावळल्यावर उतारावर कुणी सायकलवर बसायचं नाही. हातात धरून, जोडीनं चालायचं. पाळ्या लावून उसात पहाराही बसवला. थंडीत कुडकुडणाऱ्या पहारेकऱ्यांना यल्लाप्पा वस्तीवरून चहा आणून देत. पहारा असला की काही घडत नसे. पहारा उठला की पुन्हा खिळे, पुन्हा काचा. माणूस असेल तर दिसत कसा नाही, असं लोक म्हणायला लागले. मग उताराचं नाव घेताना आवाज आपोआप खाली यायला लागला.

तर त्या संध्याकाळी मी माथ्यावर पोचले, तेव्हा दिलावर दुकानाची फळी लावत होता.

"बाई, उतरून जावा," तो म्हणाला. "आज पहाऱ्याला कुनी न्हाई. म्या येतो की संगट खालपतुर."

"नको रे. दुकान आवर तू. चालतच जाते."

खरंच उतरले. थोडी चाललेही. सूर्य बुडून गेला होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. कुठल्या तरी गुऱ्हाळाचा धूर खाली बसला होता आणि त्याच्या गोडसर वासानं घसा कोंदत होता. रातकिडे सुद्धा गप्प. मनात सारखी शालू येत होती. सकाळपासून कळा... पाणी गेलं असेल तर बाळ किती तग धरणार? पायी गेले तर उशीर होईल, एवढंच डोक्यात आलं. मी पायडलवर पाय टाकला आणि सायकल सोडली.

वारा कानात भरला. डायनामोचा उजेड पुढं लपलपत होता.

अर्ध्यात आले असेन. मागून पावलं ऐकू आली. अनवाणी पावलं, डांबरावर, फट् फट् फट्... कुणीतरी पळत येत होतं. मला वाटलं दिलावर. मग लक्षात आलं, सायकल एवढ्या वेगात आहे, तिला गाठेल असं कोण पळेल? पावलं जवळ आली. अगदी बरोबरीनं यायला लागली. डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर. मी मान वळवली. रिकामा रस्ता. ऊस. आणि पावलं मात्र माझ्या शेजारून पळतच होती.

मग वास आला. ओल्या, नुकत्याच कापलेल्या कडवळाचा. पावसाचं पाणी निथळतंय असा.

आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतलेला. भूतखेत मानायचं नाही, ही वडिलांची शिस्त. मी दातावर दात दाबून पुढंच बघत राहिले. ब्रेक दाबायचंही सुचलं नाही. तेवढ्यात कानाशी आवाज आला. दम लागलेल्या माणसाचा.

"थांबा... बाई, थांबा..."

आणि मागून कुणीतरी कॅरियर धरला.

धरला म्हणजे कसा, ते कसं सांगू? धावती बैलगाडी एखादा पैलवान मागून पाय रोवून धरतो, तसा. सायकल जागच्या जागी थिजली. मी हँडलवर आदळले आणि कडेच्या फुफाट्यात पडले. गुडघा फुटला. पिशवीतली बॅटरी चाचपून काढली आणि पुढं धरली.

समोर, चार पावलांवर, तार होती.

या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत, ताठ, बारीक. चाकाच्या उंचीवर नव्हती ती. सायकलवर बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर होती.

मग बॅटरी मागं फिरवली. रस्ता माथ्यापर्यंत मोकळा. पावलांचा आवाज नाही, कुणाचा श्वास नाही. फक्त कॅरियरच्या पट्टीत हिरव्या वैरणीची दोन पाती अडकली होती. ओलीचिंब. पाऊस जाऊन महिने झाले होते.

भीती वाटली का? वाटली. पण तिथं फुफाट्यात बसल्या बसल्या मी पहिल्यांदा हात जोडले, ते आठवतं. कुणाला जोडले ते तेव्हा कळलं नव्हतं.

तार तशीच ठेवून जाणं शक्य नव्हतं. मागून कुणीही आलं असतं. पीळ सोडवून तिचं वेटोळं केलं, हातात घेतलं आणि सायकल ओढत खाली निघाले. फरशीवर पोचते तोच पलीकडून कंदील हेलकावत येताना दिसला. कुणीतरी म्हातारा माणूस अडखळत, पडत, धावत येत होता.

"बाई! बाई, थांबा! उतारावरनं येऊ नगा...!"

यल्लाप्पा होते. माझ्यापाशी आले, कंदील वर केला आणि माझ्या हातातलं वेटोळं त्यांना दिसलं. कंदील खाली आला.

"तुमची?" मी विचारलं.

ते मटकन खाली बसले. "मला ठावं नव्हतं वो... तुमास्नी बलीवल्यालं ठावं नव्हतं. म्या रानात हुतो. तार बांधून घरला गेलो, तवा भामी म्हनली, तानीला धाडलीया नर्सबाईस्नी आनाया. तसाच पळत सुटलो..."

त्यांचा राग करायलाही वेळ नव्हता. "उठा," मी म्हटलं. "आधी सून दाखवा."

बाळ पायाळू होतं. शालू पार थकली होती. भामाबाई, यल्लाप्पांची बायको, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मागाहून तानुबाई आली, तिनं पाणी तापवलं. मी कशी झुंजले ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. मुलगा झाला. आधी रडेना. पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, तेव्हा कुठं टाहो फोडला. भामाबाईनं माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले आणि रडत राहिली.

बाहेर ओट्यावर यल्लाप्पा गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. नातू झाल्याचं सांगितलं. तेव्हा ते बोलले.

"माझं पोरगं घसारलं न्हवतं, बाई. त्याच्या पाठीवर सायकलीच्या चाकाचा वळ हुता. कुनीतरी वरनं सुसाट आला, त्याला उडीवलं आन् तसाच गेला. किती सायकली गेल्या असत्याल त्या वाटंनं. एक थांबली न्हाई. म्या पंचास्नी दावला वळ. कुनी लिवला न्हाई."

मी कॅरियरला अडकलेली पाती काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि उतारावर काय झालं ते सांगितलं. पावलं, वास, आवाज. ते पाती नाकाशी धरून किती वेळ बसले होते, कोण जाणे. नंतर एवढंच म्हणाले, "पोरासाठी आला... आन् म्या त्याच्याच वाटंत तार बांधली."

उजाडल्यावर ते माझ्याबरोबर माथ्यावर आले. दिलावरच्या दुकानापाशी सायकलवाले जमत होते. यल्लाप्पांनी डोक्याचा पटका काढून जमिनीवर ठेवला आणि सगळं कबूल केलं. कुणीतरी हवेचा पंप उगारला. नानासो मास्तर म्हणाले, पोलिसांत द्यायचं. सोपान हात गळ्यात बांधून उभा होता. तो पुढं आला.

"थांबा रं," सोपान म्हणाला. "आधी मला सांगा, आषाढात राजारामाला उडीवनारा आपल्यातला कोन?"

कुणी बोललं नाही. उगारलेला पंप खाली आला. मग सोपाननंच पटका उचलला, एका हातानं झटकला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवला. पोलिसांचा विषय तिथंच संपला. पुढं यल्लाप्पा असेतोवर उतार रोज पहाटे तेच झाडायचे. कुठं खडा राहू द्यायचे नाहीत.

दिलावरनं माझी सायकल तपासली. कॅरियरची लोखंडी सळई मागच्या बाजूला वाकली होती, चार बोटांनी आवळावी तशी. "ठोकून सरळ करून देऊ?" त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडं बघून हातोडी खाली ठेवली.

लोक विचारतात, नंतर त्या रस्त्यानं जायची भीती नाही वाटली? मी आणखी पुष्कळ वर्षं त्याच उतारावरून गेले. किती बायका सोडवल्या, किती पोरं या हातांवर रडली. ते सगळं आयुष्य मला त्या संध्याकाळी कुणीतरी परत दिलेलं आहे. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

बारशाला भामाबाई स्वतः बोलवायला आली. राजारामाला बहीण नव्हती. "आत्या तुमीच," ती म्हणाली. त्या वस्तीवर आमच्या लोकांना पाणीसुद्धा वरून घालायचे. आणि तिनं मला पाटावर बसवलं, ओटी भरली, सगळ्या बायकांच्या देखत नातू माझ्या मांडीवर दिला. माझे डोळे भरून आले.

नाव बापाचंच ठेवायचं ठरलं होतं. मी पाळण्यात वाकले, बाळाच्या कानात म्हटलं, राजाराम. कुर्र करून बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. एकच हसू, एकच गलका. आणि त्या गलक्यात, मी अजून वाकलेलीच असताना, माझ्या कानाशी कुणीतरी अगदी हळू म्हणालं,

"धोंडे..."

ते माझं पाळण्यातलं नाव. शाळेत घातलं तेव्हाच बदललेलं. आई गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नव्हती. त्या घरात ते कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

आभार मानायला त्यानं नाव घेतलं की बोलवायला घेतलं, ते मला अजून उमगलेलं नाही. मी मान वळवली नाही. ओ दिली नाही. अशा हाकेला ओ दिली की माणूस तिच्यामागं जातं, म्हणतात.

ती हाक त्यानंतरही येते. अधूनमधून, अशीच दिवेलागणीला, दाराबाहेरून. मी हात जोडते... पण ओ देत नाही.