देवदूताचा डावा गाल

मोबाईल उलटे ठेवा, मग सांगतो. आणि मधेच ‘काका, खरंच?’ करायचं नाही. माझ्या साडूच्या घरात घडलंय हे. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. तो हल्ली कुणाशी बोलत नाही, ती गोष्ट वेगळी.

साडूचं काम सोन्याच्या वर्खाचं. जुन्या चर्चमधले लाकडी खांब, नक्षी, देवदूत, त्यांच्यावर वर्ख चढवायचा. कला वडिलांची. तरुणपणी त्यांनी एका फार जुन्या देवदूताचा किडलेला चेहरा नव्यानं कोरला होता. नेमकी त्याच वर्षी त्यांची लहान मुलगी तापानं गेली. चेहरा तिचाच उतरला. घरात तिचा एकही फोटो नव्हता. जे काही उरलं होतं ते तिथे, त्या लाकडात.

मागे ते चर्च पाडायला काढलं. वडील अंथरुणाला खिळलेले, एक बाजू लुळी. म्हणाले, “तिला घरी घेऊन ये रे. एकदा बघतो, मग कुणालाही दे.”

साडू टेम्पो घेऊन गेला, देवदूत घेऊन आला. पण गिऱ्हाईक आधीच ठरलं होतं. एका हॉटेलवाल्याला बारमध्ये लावायला नुसतं मुंडकं हवं होतं. म्हाताऱ्यानं पाहिलं तर सोडायचा नाही, म्हणून हा शहाणा बापाला म्हणतो, “बाबा, वाळवीनं सगळं खाल्लं. भुगा झालाय.”

आणि शेजारच्याच खोलीत करवत चालवली. म्हातारा पडल्या पडल्या ऐकत होता. काय कापतोयस, एवढंसुद्धा विचारलं नाही त्यानं.

ती सोळा नोव्हेंबरची रात्र, शनिवार. मुंडक्याचा डावा गाल झिजला होता, तो सोनेरी करायला साडू बसला. वर्ख झुळकीनंही उडतो, म्हणून दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. गालावर तांबड्या मातीचा हात दिलेला, वाळलेला. त्यावर तोंडानं वाफ सोडायची, माती ओलावते, मग ती वर्ख धरते. साडू वाकला...

माती आधीच ओली होती.

त्यानं श्वास रोखला. ओल विरली. पुन्हा आली. पुन्हा विरली...

भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला. हळू.

“आलीस?”



साडू बापाकडे गेला? छे! सकाळी माल द्यायचा होता ना! वर्ख लावला, खोलीला कुलूप घातलं, डोक्यावरून पांघरूण घेतलं.

सकाळी कुलूप काढलं. मुंडकं जागच्या जागी. डावा गाल मात्र उघडा, तांबडी माती दिसत होती. वर्ख ना टेबलावर, ना फरशीवर.

तो बापाच्या खोलीत धावला. अंग गार पडलं होतं...

धुवायला घेतलं तेव्हा मी होतो तिथे. म्हाताऱ्याच्या गालावर सोनं होतं. लहान पोरीनं गाल टेकवला तर लागेल, तेवढंच. साडूनं ओल्या फडक्यानं पुसलं. मग साबणानं. मग नखानं...

शेवटी मीच त्याचा हात धरला. निघालं नाही.