थांबा, हात धुतोय

सालवडच्या नाक्यावर चहाला येतो तो ललित तुम्ही पाहिलाय, पोरांनो. हे त्याच्याच बाबतीत घडलं, आणि तो खोटं बोलणाऱ्यातला नाही.

गेल्या वर्षीची दिव्यांची अवस, गुरुवारची रात्र. बोईसरच्या एमआयडीसीत शुक्रवारी वीज नसते. कापड रंगवायच्या एका कारखान्यात कंप्युटरचं काम ललितकडे. सुट्टीआधी मोठा सर्व्हर नीट बंद करायचा नि घरी जायचं, एवढंच काम. त्या एका मशीनच्या पोटात पाच कंटेनर चालायचे, प्रत्येक जण वेगळ्या कंप्युटरसारखा. वरच्या मशीनवरून, म्हणजे होस्टवरून, एकेकाला बंद व्हायला सांगायचं. तो हातातलं काम पुरं करतो, मग बंद होतो. पाचही झाले की शेवटी होस्ट. मध्येच तोडलं तर अर्धवट नोंदी बिघडतात.

चार झाले. पाचवा होईना. त्यात गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनची हजेरी होती. तेवढ्यात बारा वाजले, वीज गेली, सगळं बॅटरीवर आलं.

ललितने पुन्हा सांगून पाहिलं, थांबला, मग होस्टवरूनच आत डोकावला. हजेरीत एक माणूस आत दिसत होता, नावाचा रकाना कोरा. बाहेर पडल्याची नोंद नाही.

संशय सरळ मनीषवर गेला. मनीष दिवसपाळीला हेच कंप्युटर बघणारा. ललितच्या जागी आपला मेव्हणा चिकटवायला साहेबांच्या मागे लागलेला. पालघरला घरी बसून हाच खोड्या काढतोय, दुसरं कोण? ललितने नेटची वायर उपसली नि त्याला फोन लावला. मनीष झोपेतून उठला. वायर काढलीस ना, मग मी आत येणार कुठून, म्हणाला.

खरंच होतं. पण पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं.

थांबा. हात धुतोय.

ललितने वॉचमनला बोलावलं. चंद्रभान, शिरगावचा, कैक वर्षं याच गेटवर. आता ललितला त्याचाही संशय यायला लागला. आत कोणाला ठेवलंस, म्हणून खोदून विचारलं.

"आत कोन नाय. मी सोता कुलूप घातलाय."

ललितने पडदा दाखवला. चंद्रभानने वाचलं आणि तो खालीच बसला.

"रंगखात्यातला पुंडलिक," तो हळू म्हणाला. "निघताना आसाच बोलायचा. त्या दिवशी निळ्या रंगाच्या टाकीत पडला, नि भायेर आलाच नाय."



बॅटरी उतरत होती. जबरदस्तीने बंद करायची आज्ञा ललितने लिहून ठेवली. फक्त बटण दाबायचं. दाबलं, तर आतला माणूस आतच राहणार. न दाबावं, तर बॅटरी संपून हजेरी बिघडणार, नि मनीषला आयतं सापडणार.

रंगखात्यातून नळाचा आवाज आला.

कुलपाच्या आतून.

चंद्रभानने डोळे मिटले.

ललितचं बोट बटणावर.

त्याने बोट उचललं.

"धुवा दादा," तो म्हणाला. "मी थांबलोय."

पाणी वाहत राहिलं... मग थेंब...

मग काहीच नाही.

पाचवा कंटेनर आपणहून बंद झाला. ललितने होस्ट बंद केला. दोघे एकमेकांचा हात धरून गेटबाहेर आले.

शनिवारी सगळं सुरळीत चालू झालं. एकही नोंद बिघडली नव्हती. मनीषला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. फक्त चंद्रभान फडकं घेऊन अंगठ्याचं मशीन पुसायला गेला, तो न पुसताच परत आला, आणि ललितला घेऊन गेला.

काचेवर अंगठा उमटला होता. निळा. अजून ओला.

त्या कारखान्यात निळा रंग आणणं बंद होऊन... तीन वर्षं झाली होती.